चित्र आलं पण आवाज गेला

टीव्ही बिघडला की घरातला प्रत्येक माणूस इंजिनिअर होतो. फ्रीजचं तसं नाही. फ्रीज बंद पडला की आपण मुकाट्याने दुधाचं पातेलं शेजारी नेऊन ठेवतो आणि मेकॅनिकची वाट बघत बसतो. गीझरला तर कुणी बोटही लावत नाही, कारण गीझर ते बोट सहजी परत देत नाही. टीव्हीच्या बाबतीत मात्र ‘आण इकडे तो रिमोट’ असं म्हणायला शिक्षण, वय, अनुभव यांतलं काहीच लागत नाही. हात लांब असला की पुरतं.

हा आजार जुना आहे. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढे पुण्यासाठी सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि शहरातल्या तमाम गच्च्यांवरचे अँटेना गडाकडे तोंड करून उभे राहिले. पुणेकरांनी एवढ्या एकजुटीने दुसऱ्या कशाकडे तोंड केल्याचं मला आठवत नाही. अँटेना फिरवायचा तर माणसांची साखळी लागे. एक गच्चीवर, एक जिन्यात, एक गॅलरीत आणि सर्वांत अधिकारी माणूस टीव्हीसमोर खुर्चीत.

“आलं का?”

“आलं, आलं! आता हात काढ.”

“काढला.”

“गेलं!”

“काय गेलं?”

“चित्र आहे, आवाज गेला!”

सिंहगडाकडे तोंड करून ‘चित्र आलं पण आवाज गेला’ असं ओरडण्यात इतिहासाची काही चेष्टा होतेय, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येत नसे. हात काढला की चित्र जायचं, कारण अँटेनाला धरलेला माणूस हाही त्या अँटेनाचाच भाग होऊन बसे. आमच्या धाकट्या काकाने रविवारचे कित्येक सिनेमे गच्चीवर उभं राहून, खालून वर येणाऱ्या आवाजावर पाहिलेत. तो आजही त्यांच्या गोष्टी बिनचूक सांगतो.

तरी तो काळ बरा म्हणायचा. बिघाड एकाच जागी असे आणि ती जागा गच्चीवर होती. पडद्यावर मुंग्या आल्या की वर जायचं. वर जाऊनही जमलं नाही तर टीव्हीच्या पाठीत एक धपाटा घालायचा. आता टीव्हीला पाठच राहिली नाही. तो भिंतीला असा चिकटलेला असतो की धपाटा घालायचा तर शेजाऱ्यांच्या बेडरूममधून घालावा लागेल.

आमच्याकडे पंचावन्न इंची टीव्ही आला तो नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या पसंतीने. दुकानातल्या भिंतीवर ओळीने टीव्ही लावलेले. सगळ्यांवर तोच पोपट, तोच धबधबा आणि तीच चिरलेली किवी. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सर्वांत भडक पोपट निवडला. त्याचे रंग आमच्या हॉलसाठी नव्हतेच, ते दुकानाच्या ट्यूबलाइटींशी झगडण्यासाठी चढवलेले होते, हे नंतर कळलं. घरी पहिल्यांदा चालू केल्यावर टीव्ही नम्रपणे विचारतो, तुम्ही मला घरात वापरणार की दुकानात? आमचे चिरंजीव असले प्रश्न वाचत नाहीत. त्यांनी भराभर ‘नेक्स्ट’ दाबत आमच्या घराचं दुकान करून टाकलं.

दुकानाच्या मोडमधला टीव्ही हट्टी असतो. मी रंग उतरवायचो, ब्राइटनेस खाली आणायचो, समाधानाने सोफ्यावर टेकायचो, आणि चार-पाच मिनिटांत सगळं पूर्ववत. वर पडद्याच्या कडेला एक पट्टी येऊन त्याच टीव्हीचे गुण गायची. आम्ही पैसे भरून आणलेला टीव्ही आमच्याच हॉलमध्ये आम्हाला ‘मला विकत घ्या’ म्हणत होता. क्रिकेट लावलं तर मैदान इतकं हिरवं की डोळे मिटल्यावरही दिसत राही. निवेदकांच्या गालांवर अशी लाली की बातमी शेअर बाजार पडल्याची आहे, असं वाटू नये.

शेवटी मुलाने इंटरनेटवर वाचून टीव्हीला घराच्या मोडमध्ये आणलं आणि चित्रासाठी ‘सिनेमा’ हा प्रकार निवडला. जाणकार म्हणतात, दिग्दर्शकाला अभिप्रेत असलेल्या रंगांच्या सर्वांत जवळ हाच जातो. डोळ्यांना भगभगीत निळसर पांढऱ्याची सवय झालेली असते, त्यामुळे सुरुवातीला तो पिवळट वाटतो. बायको स्वयंपाकघरातून डोकावली.

“अहो, ही सगळी हळदीच्या मांडवातून थेट स्टुडिओत आली आहेत का?”

“हेच खरे रंग आहेत,” मी म्हणालो.

“मग खोटे लावा. खरे बघायला मी खिडकीत उभी राहीन.”

नाना तर वेगळ्याच दुःखात होते. त्यांना जुने कृष्णधवल चित्रपट लागतात. ते चार बाय तीनच्या चौकटीतले, म्हणजे नव्या रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणार. नानांनी फूटपट्टी आणून मोजल्या. डावीकडे सहा इंच, उजवीकडे सहा इंच. मग वहीत हिशेब मांडला.

“अरे, पंचवीस टक्के टीव्ही वाया जातोय! पैसे पूर्ण पडद्याचे घेतले ना त्याने?”

त्यांचं गणित अचूक होतं. चित्र ताणून पडदा भरला की नायक, नायिका, टांगा आणि घोडा असे सगळे रुंदीला तिसऱ्या हिश्शाने वाढतात, एवढं फक्त त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं. ‘माणसं किती जाड दिसताहेत’ असं मी म्हणताच नाना उत्तरले, “त्या काळी दूध-तूप खायची माणसं.” तेव्हापासून आमच्याकडे मराठी चित्रपटाचा सुवर्णकाळ धष्टपुष्ट आहे. उलट काही वाहिन्यांच्या चित्राची कड टीव्ही स्वतःच कापतो. ओव्हरस्कॅन नावाची ही सवय त्याला जुन्या पिक्चर ट्यूबच्या जमान्यापासून वारशाने मिळाली आहे. एका सामन्यात धावफलकाची पट्टी निम्मी कापली गेली आणि धावा हव्या किती नि चेंडू राहिले किती, यांतलं अर्धं गणित देवाच्या भरवशावर राहिलं.

आणि ती गुळगुळीत हालचाल! चित्रपट सेकंदाला चोवीस फ्रेमचा असतो. नव्या टीव्हीला ते कमी वाटतं, म्हणून दोन फ्रेमच्या मधल्या फ्रेम तो स्वतःच्या मनाने रंगवतो. परिणामी कोट्यवधी रुपयांचा युद्धपट दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. डिसेंबर 2018 मध्ये हॉलिवुडच्या टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारीला शेजारी उभं करून एक व्हिडिओ टाकला आणि जगाला विनवलं, की बाबांनो, घरच्या टीव्हीतली ही सोय बंद करा. मुलाने तो नानांना दाखवला.

नाना म्हणाले, “विमानाला लोंबकळून झालं असेल, तर येऊन कर म्हणावं बंद.”

सूचना गैर नव्हती, कारण प्रत्येक कंपनीने या गोष्टीला वेगळंच नाव ठेवलंय आणि ते मेनूत अशा ठिकाणी पुरलंय की टॉम क्रूझसारखाच कुणी दोरखंड लावून उतरला तर सापडेल.

आवाजाचा प्रश्न याहून मोठा. टीव्ही जसजसे चपटे होत गेले तसतशी आत स्पीकरला जागा उरली नाही. हल्लीच्या टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात, म्हणजे नट आपल्याशी न बोलता भिंतीशी बोलतो. याच सुमारास माझा मेहुणा घरी आला. त्याने दोन वाक्यं ऐकली, तोंड कडू केलं आणि म्हणाला, “दाजी, फाइव्ह पॉइंट वन घ्या.” मेहुण्याचा सल्ला मोडायला लागणारं धैर्य माझ्यात लग्नापासूनच नाही.

फाइव्ह पॉइंट वन म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. समोर तीन, मागे दोन. नियम असा की मागचे दोन आपल्या कानांच्या रेषेच्या थोडे मागे हवेत. आता मराठी माणसाच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकलेला असतो. सोफ्याच्या मागे भिंत आणि भिंतीच्या मागे शेजारी. स्पीकर ठेवायचा कुठे? मेहुण्याने सोफा ओढून हॉलच्या मधोमध आणला. आवाजाची सोय झाली, माणसांची गेली. मुख्य दारातून स्वयंपाकघरात जायला आता गॅलरीमार्गे वळसा पडू लागला. डावा मागचा स्पीकर देवघराच्या फळीवर गेला, उजवा फ्रीजवर. घरात पहिला इंग्रजी चित्रपट लागला तेव्हा देवघरातून हेलिकॉप्टर निघून फ्रीजवर उतरलं. आत्या संध्याकाळचा दिवा लावत होती. तिने समई तशीच ठेवली आणि कानांवर हात ठेवून नानांना म्हणाली, “दादा, हे घर राहिलं नाही.”

सबवूफर कुठेही ठेवला तरी चालतो, कारण खालच्या सुरांची दिशा कानाला नीटशी कळत नाही. हे ऐकताच बायकोने तो दिवाणाखाली ढकलला आणि पुढे पापडाचे डबे लावले. त्या सुरांचा दुसरा गुण असा की भिंत आणि स्लॅब यांना ते जुमानत नाहीत. मेहुण्याने आवाज वाढवताच स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं थरथरू लागली. त्यांतही एक विशिष्ट वाटी होती, ती एका विशिष्ट सुरालाच वाजे. तिला शोधून बाहेर काढण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. मग खालच्या मजल्यावरून काकांचा फोन आला.

“तुमच्याकडे पीठगिरणी घेतलीत का?”

“नाही हो काका, सिनेमा चाललाय.”

“असं का. आम्हाला वाटलं, आमचेही गहू देऊ.”

पण खरी गंमत मधल्या स्पीकरची. टीव्हीच्या खाली बसणारा हा आडवा स्पीकर म्हणजे घरातली आई: संवाद जवळपास सगळे त्याच्याकडे, आणि त्याची आठवण तो बंद पडल्यावरच. आपल्या मालिका बहुधा दोनच चॅनेलच्या आवाजात येतात. होम थिएटर त्यातला दोन्हीकडे सारखा असलेला आवाज, म्हणजे बोलणं, वेगळा काढून मधल्या स्पीकरला देतं. एकदा कामवाल्या मावशींच्या झाडूने त्याची वायर निसटली. मागून बघितलं तर तांब्याचे चार केस क्लिपमधून बाहेर आलेले, बाकी सगळं शाबूत. पाचातले चार स्पीकर ठणठणीत चालू. फक्त बोलणं गेलं, ढॅण ढॅण ढॅण राहिलं.

आत्याने त्या अवस्थेत तिची मालिका रोज पाहिली. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी घाबरून विचारलं, “आत्या, अगं एक शब्द ऐकू येत नाहीये! कळतं काय तुला?”

“न कळायला काय झालं? सुनेने सासूच्या सहीचे कागद बदललेत. तीनदा वाजलं की कळतं.”

मी वायर लावली. दुसऱ्या दिवशी आत्याची तक्रार, की आता फार बडबड ऐकू येते.

मेहुण्याने आणखी एक काम करून ठेवलं होतं. स्पीकरच्या वायरीला लाल आणि काळी अशी दोन टोकं असतात. समोरच्या एका स्पीकरची टोकं उलटी लागली, की एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो. दोघं मिळून एकमेकांचे खालचे सूर खाऊन टाकतात. तबल्याचा डग्गा गायब होतो आणि गाणारा नक्की कुठे बसलाय तेच समजत नाही. आमच्याकडे कित्येक दिवस भीमसेनजी हॉलभर विखुरलेले होते. मेहुणा म्हणे, “दाजी, यालाच सराउंड म्हणतात.”

यानंतर एचडीएमआय. टीव्हीचा आवाज होम थिएटरकडे परत नेणारी एक खास वाट असते, तिला एआरसी म्हणतात. 2009 पासून ती आहे. पण मागच्या तीन-चार सारख्याच दिसणाऱ्या भोकांपैकी ती बहुधा एकाच भोकात असते आणि तसं तिथे मुंगीच्या अक्षरांत लिहिलेलं असतं. टीव्ही आणि भिंत यांच्यामध्ये दोन बोटांची फट. एका हातात मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्या हातात बायकोचा पावडरीचा आरसा, गाल भिंतीला आणि अक्षरं उलटी. वाचलं ते ‘सीआरए’. वायर नीट जागी बसूनही आवाज नाही, तेव्हा ग्राहकसेवेला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकवून झाल्यावर एक मुलगी बोलली.

“सर, टीव्ही बंद करून चालू केलात का?”

“अहो ताई, मी भिंतीतून आत्ताच बाहेर आलोय. मला काही तांत्रिक सांगा.”

“सर, स्विच भिंतीवरून बंद करा. थोडं थांबून चालू करा.”

केलं. आवाज आला. राग येतो तो याचाच. ही यंत्रं चालू होताना एकमेकांची चौकशी करून घेतात: तू कोण, तुला काय झेपतं, किती चॅनेल पाठवू. मध्येच काही बिनसलं की बोलणंच बंद. वीज तोडली की दोघांनाही पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. वर त्यांना एकमेकांचं बटण दाबायची मुभाही असते. त्यामुळे आमच्याकडे होम थिएटर बंद केलं की टीव्ही बंद होतो आणि टीव्ही चालू केला की सेट-टॉप बॉक्स दचकून जागा होतो. कोण कुणामुळे उठलं हे कळायला मार्ग नाही. रिमोट चार. चारही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले, चारांवरही ‘मेनू’ लिहिलेलं.

ओठ आणि आवाज जुळेनात, हा त्यानंतरचा अध्याय. टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो, तोवर आवाज पुढे निघून जातो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने यासाठी आकडे ठरवलेत: आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद आधी आला तर माणसाला कळायला लागतं, पण मागे पडला तर 125 मिलिसेकंदांपर्यंत त्याच्या ध्यानात येत नाही. आधी वीज चमकते, मग गडगडतं, याची आपल्याला जन्मापासून सवय आहे ना. मेनूत आवाज मागे ओढायची एक पट्टी असते. मी एकेक घर सरकवत होतो आणि घर मतदान करत होतं. बायको म्हणाली जुळलं, मुलगा म्हणाला अजून थोडं, आत्या म्हणाली आधीचंच बरं होतं. पडद्यावर एक पुढारी भाषण करत होते. नाना म्हणाले, “तुम्ही उगाच छळताय त्या टीव्हीला. यांचं बोलणं आणि तोंड कधीच जुळलेलं नाही.” बरं, एका वाहिनीवर जुळलं की दुसरीवर बिनसतं. शेवटी बातम्यांवर पाणी सोडलं आणि क्रिकेटसाठी जुळवून घेतलं.

क्रिकेटला आमचं चित्र इंटरनेटवरून यायचं आणि शेजाऱ्यांचं छत्रीवरून. इंटरनेटचं मागे पडतं. आमचा गोलंदाज अजून पँटीवर चेंडू घासत असायचा तोवर शेजारच्या घरातून ‘गेला रे!’ अशी आरोळी यायची. फाइव्ह पॉइंट वन घेऊन मागून आलेला खरा सराउंड आवाज तेवढा एकच.

म्हणून आम्हीही छत्री बसवली, आणि मग पावसाळा आला. उपग्रहावरून घरी येणाऱ्या लहरी अशा पट्ट्यातल्या असतात की मुसळधार पाऊस त्यांना वाटेतच गिळतो. यावर घरात बसून करण्यासारखं काही नसतं. जुलैतल्या एका रविवारी पडद्यावर आधी चौकटी चौकटी आल्या आणि मग ‘सिग्नल नाही’ ही पाटी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बाहेर आभाळ फाटलेलं आणि आत मेहुणा मधल्या स्पीकरची वायर उपसतोय, मुलगा सॉफ्टवेअर अपडेट करतोय, नाना काळ्या पट्ट्या मोजतायत, मी आरसा घेऊन भिंतीत शिरलोय आणि आत्या सगळ्यांना सांगतेय की रंग कमी केल्यापासूनच हे सुरू झालं. तेवढ्यात पाऊस ओसरला, चित्र आलं. त्या क्षणी मेहुण्याच्या हातात सबवूफरचा प्लग होता.

“बघितलंत दाजी? अर्थिंगचा प्रॉब्लेम होता.”

खिडकीबाहेर ऊन पडलेलं सगळ्यांना दिसत होतं, पण श्रेय मेहुण्याला मिळालं. टीव्हीच्या दुरुस्तीत बिघाड कशाने गेला हे कुणी विचारत नाही, तो गेला तेव्हा हात कुणाचा होता एवढंच बघतात. आता सोसायटीत कुणाचाही टीव्ही अडला की त्याला बोलावणं येतं. तो जातो, चहा घेतो, सबवूफरचा प्लग काढून परत लावतो. ज्यांच्याकडे सबवूफर नाही त्यांना घ्यायला लावतो.

तुमच्याकडे सध्या चित्र बरं आणि आवाज ऐकू येण्याजोगा असेल, तर मेनूतल्या प्रत्येक पानाचा आजच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मागच्या वायरींना चिठ्ठ्या चिकटवा. आणि तुमच्या बायकोला भाऊ असेल, तर घरी येण्यापूर्वी त्याने फोन करावा, अशी विनंती करा.